पांढरा वाणी बरणीत ठेवलाय, थांबा जरा

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला राहतो. रविवारी तुळशीची कुंडी बदलायला घेतली तर पार तळाशी मातीत एक पांढराफटक वाणी (तो पुष्कळ पायांचा किडा) निघाला. पावसाळ्यात आमच्या जिन्यात येतात ते सगळे तपकिरी, हा मात्र भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. मुलगा म्हणतो अल्बिनो (जन्मतःच बिनरंगाचा) आहे, रेअर आहे, बरणीत ठेवू. मी म्हटलं डोळे तर काळेच आहेत, मग अल्बिनो कसा? फोटो पाठवतेय.

उत्तर : ताई, आधी त्याला बरणीतून काढा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. फोटोत त्याच्या बाजूला चुरा झालेल्या टरफलासारखं काहीतरी पडलंय ना, ती त्याची कात. वाणी (कोणी पैसा म्हणतं, वेटोळं करतो म्हणून) मातीत खोल जाऊन कात टाकतो आणि तेव्हा नेमका तुमचा खुरपा लागला. नवीन कवच सुरुवातीला पांढरं आणि मऊ असतं, मग चामडं कमावतात तसं आतल्या आत रसायनांनी ते पक्कं होतं आणि त्यातच रंगही चढतो, शिवाय वाणीच्या कवचात चुना भरावा लागतो आणि तो परत मिळवायला बरेच वाणी आपलीच कात खाऊन टाकतात. म्हणून तो चुराही त्याच्यासोबत परत ठेवा, कचरा समजून फेकू नका. किचनमध्ये कधी रात्री लाइट लावल्यावर पांढरं झुरळ दिसलं असेल तर तेही हेच, काही तासांत तपकिरी होतं, लोक उगाच अल्बिनो म्हणून व्हिडिओ टाकतात.

आता डोळ्यांचं. पांढऱ्या उंदराचे डोळे लाल, म्हणून आपण तीच टेस्ट सगळीकडे लावतो, पण किड्यांमध्ये ती चालत नाही कारण त्यांच्यात डोळ्याचा रंग वेगळा आणि अंगाचा वेगळा. १९१० मध्ये न्यूयॉर्कला थॉमस हंट मॉर्गनना पांढऱ्या डोळ्यांची फळमाशी सापडली, अंगाने ती चारचौघींसारखीच होती. उलट टोळांमध्ये आख्खी पांढरट जात प्रयोगशाळेत पाळलेली आहे आणि तिथे भानगड निघाली एका हार्मोनची, कोराझोनिन नावाच्या, ते इंजेक्शनने दिलं की टोळ काळे पडायला लागतात! म्हणजे नुसतं अल्बिनो म्हटलं तरी प्रत्येकाचं कारण एकच असेल असं नाही. तेव्हा काळ्या डोळ्यांवरून तुमचंही सिद्ध होत नाही आणि मुलाचंही.

आणि रेअर रंग म्हणजे भारी, हेही डोक्यातून काढा. दगडाखाली सापडणारे ते राखाडी किडे, हात लावला की काही जण गोळी होतात, त्यात क्वचित एखादा मस्त निळा-जांभळा निघतो, पण तो बहुतेकदा आजारी असतो. अंगात व्हायरस इतका दाटीवाटीने भरतो की त्याच्या रांगांवरून निळा प्रकाश परावर्तित होतो, आणि किडा पुढे मरतो. काही रंग तर खाण्यातून येतात, आपल्या खाडीतले फ्लेमिंगो त्यावरच गुलाबी आहेत, आणि कोलंबीत तोच प्रकार, फक्त कच्ची असताना तो रंग प्रोटीनला बांधलेला असतो, तव्यावर पडली की सुटतो आणि लाल दिसतो.

तर करायचं काय, कुंडीत ओलसर माती, वर वाळकी पानं, त्यात त्याला चमच्याने अलगद ठेवा. हाताने नको, मऊ असताना दाबला गेला तर जाईल, आणि टणक झाल्यावर बरेचसे वाणी पिवळट रस सोडतात, त्याचे तपकिरी डाग बोटांवरून काही दिवस जात नाहीत, डोळ्याला लागला तर चांगलीच आग होते. मुलाला रोज उकरून बघू देऊ नका. आठवडा-दोन आठवड्यांनी स्वतःच वर आला, कवच कडक झालेलं दिसलं आणि तरीही पांढराच, तर फोटो परत पाठवा, मग पैज मुलगा जिंकला.