बारावीची फिरवून विचारलेली गणितं अडली तर खेड्यात राहून मदत कुणाकडे मागायची?

प्रश्न असा आहे: "मी गेवराई तालुक्यात राहते, एसटीनं कॉलेजला जाते. बोर्डाची गणितं येतात, पण सीईटी-जेईईला फिरवून विचारलेलं अडलं की विचारायला कुणी नाही. लातूरला क्लास लावणं घरच्यांना परवडणार नाही. काय करू?"

मी परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला गणित शिकवतो. आमच्याकडची लेकरं असंच विचारतात, म्हणून तुलाही 'तू'च म्हणतोय.

आधी लातूरचं मनातून काढ. मोठ्या क्लासमध्ये शंका विचारायला वेगळी वेळ असते हे खरं. पण तिथंही वही पुढं केली की समोरचा पहिल्यांदा हेच विचारतो, "कुठपर्यंत केलंस?" याचं उत्तर तुझ्याकडं असेल तर गेवराईतही मदत मिळेल. नसेल तर लातुरातला माणूससुद्धा सगळं गणित फळ्यावर सोडवून देईल, तू उतरवून घेशील, आणि आठवड्यानं तेच गणित पुन्हा अडेल.

एक उदाहरण घे. अंशात एक्सचा वर्ग, छेदात १ अधिक ई रेज टू एक्स, लिमिट मायनस १ ते १, इंटिग्रेशन काढायचं. मुलं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरतात, "सर, हे येईना." एवढ्यावरून मला काहीच कळत नाही. मग मी उगं पहिल्यापासून सुरू करतो आणि तोवर घंटा होते. तेच एखादी म्हणाली, "सर, ई रेज टू एक्सला टी धरलं, वर लॉग टीचा वर्ग आला, खाली टी गुणिले १ अधिक टी, आता पुढं जाईना," तर मला तिथल्या तिथं दिसतं की हिनं लिमिटकडं बघितलेलंच नाही. मी एवढंच म्हणेन, "लिमिट बघ. एक्सच्या जागी मायनस एक्स टाकून बघ." टाकलं की छेदात १ अधिक ई रेज टू मायनस एक्स येतं. दोन्ही रूपांची बेरीज केली की छेद उडून जातो आणि हातात नुसता एक्सचा वर्ग राहतो. त्याचं मायनस १ ते १ इंटिग्रेशन २/३. ही आपल्या उत्तराची दुप्पट, म्हणून उत्तर १/३. टी धरून बसलं असतं तर बारावीच्या सामानात हे सुटलंच नसतं.

म्हणून अडलेल्या गणिताला वहीत एक पान दे. वर प्रश्न पूर्ण उतरव, कुठल्या परीक्षेचा आहे तेही लिही, खाली काय काय करून पाहिलं ते लिही, आणि शेवटी कुठल्या ओळीवर थांबलीस तिथं खूण कर. निम्मी गणितं हे पान लिहितानाच सुटतात.

परीक्षेचं नाव का, तर अवघडपणाची जात वेगळी असते. बोर्डाच्या ८० गुणांना तीन तास मिळतात, पायऱ्यांचे गुण मिळतात. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत, पण चुकलं तर गुण कापत नाहीत. जेईई मेनला चुकीच्या उत्तराचा एक गुण जातो. सीईटीचं गणित दाखवलंस तर मी आखूड वाट सांगेन, दिलेले पर्यायच गणितात टाकून बघायला सांगेन. बोर्डाला ती वाट चालत नाही.

आता माणसं. कॉलेजच्या सरांना वर्गात विचारायची लाज वाटत असेल तर वर्गात नको. तास संपल्यावर स्टाफरूमला जा, ते पान त्यांच्या हातात दे आणि म्हण, "सर, उद्या सांगितलं तरी चालेल." आम्हालाही जेईईची सगळी गणितं बघताक्षणी सुटत नाहीत, आणि चाळीस पोरांसमोर अडकायला कुणालाच आवडत नाही. पान घरी नेता आलं तर बहुतेक सर आनंदानं बसतात. फक्त प्रॅक्टिकल आणि बोर्डाच्या गडबडीत ही अपेक्षा ठेवू नकोस.

दुसरे, गावातले इंजिनिअरिंगवाले. नांदेडच्या एसजीजीएस कॉलेजला किंवा संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकीला शिकणारं कुणी ना कुणी तुझ्या पंचक्रोशीत असेलच, एखाद्या मैत्रिणीची ताई असेल. दिवाळीला ते घरी येतात. त्यांना इंटिग्रेशन, मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन विचार, पहिल्या वर्षाला त्यांनी तेच घोटलेलं असतं. लॉजिक किंवा पर्म्युटेशन विचारू नकोस, ते विसरलेले असतात आणि तोंडावर कबूलही करत नाहीत! त्यासाठी गणितात बीएस्सी-एमएस्सी करणारं कुणी बघ.

उत्तर मागच्या पानाशी जुळत नाही म्हणून कितीतरी मुलं घाबरून येतात. दर वेळी चुकलेलंच असतं असं नाही. साइन एक्स गुणिले कॉस एक्सचं इंटिग्रेशन कर. साइनला टी धरलंस तर साइनचा वर्ग भागिले २ येतो. कॉसला धरलंस तर मायनस कॉसचा वर्ग भागिले २. साइन टू एक्सचं सूत्र लावलंस तर मायनस कॉस टू एक्स भागिले ४. तिन्ही बरोबर, फरक फक्त कॉन्स्टंटचा. पहिल्या दोन उत्तरांत एक्सला शून्य टाक, मग ९० अंश टाक. फरक दोन्हीकडं अर्धाच येईल. असा फरक बदलला तर मात्र कुठंतरी नक्की चुकलंय. पक्की खात्री हवी असेल तर उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढ, मूळ प्रश्न परत आला पाहिजे. एवढ्यासाठी कुणाच्या दारात जायची गरज नाही.

फोनवर फोटो काढून उत्तर देणारी ॲप आणि एआय आहेतच. वापर, पण "फक्त पुढची एक पायरी सांग" असं विचार. पूर्ण उत्तर मागितलंस तर ते देतं, आणि तिथंच तुझं काम संपतं. मोजणीच्या आणि प्रोबॅबिलिटीच्या गणितांत त्याचं उत्तर ठामपणे चुकलेलंही मी पाहिलंय, तेव्हा लहान आकडे घेऊन हातानं मोजून बघ. एरियाच्या गणितांना जिओजेब्रा चांगलं, फुकट आहे आणि ॲप एकदा घेतलं की आलेख काढायला रेंज लागत नाही. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बोर्डापेक्षा एक पायरी वरची गणितं हवी असतील तर एनसीईआरटीचं एक्झेम्प्लर, म्हणजे जास्तीच्या सरावाचं पुस्तक, उतरवून घे, तेही फुकट आहे. गाईडच्या मागं पैसे घालू नकोस.

जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते. दहावीपर्यंत मराठी माध्यम असेल आणि प्रश्नाची भाषाच अडत असेल तर याचा विचार कर.

तोवर हे करून बघ: अंशात कॉस एक्स, छेदात १ अधिक ई रेज टू एक्स, लिमिट मायनस ९० ते ९० अंश, अर्थात रेडियनमध्ये. उत्तर १ यायला हवं. नाही आलं तर कुठल्या ओळीवर थांबलीस ते इथंच लिही, बघतो.