ड्रमपाशी बसलेली पोरं

(आपल्या वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी तीन पत्रं एकाच विषयावर आली, नेटिव्ह अमेरिकन लोकांच्या पॉववॉववर, म्हणजे त्यांच्या नाचगाण्याच्या मेळाव्यावर, म्हणून सगळी जागा त्यालाच दिली.)

प्रश्न : आम्ही मिनियापोलिसजवळ राहतो. ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन शाकोपीच्या पॉववॉवला गेलो होतो. एका मोठ्या ड्रमभोवती आठदहा जण खुर्च्यांवर बसून एकत्र वाजवत होते आणि इतक्या वरच्या पट्टीत गात होते की अंगावर काटाच आला. नंतर खायच्या स्टॉलच्या रांगेत त्यांच्यातल्याच एका पोराशी बोलणं झालं, विशीतला असेल. तो म्हणाला, आधी दारूत पार बुडालो होतो, ड्रम नसता तर आज मी नसतो. पुढे काही विचारायचा धीर झाला नाही. पण तेव्हापासून डोक्यात तेच आहे, एका ड्रममुळे माणूस कसा काय सावरतो? आणि ते जे गातात त्याला शब्द तरी असतात का?
– एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : ताई, असं सांगणारा तो एकटा नाही, तिकडच्या कितीतरी गायकांच्या तोंडून हेच ऐकायला मिळतं. आपल्याला वाटतं संगीताने मन शांत होतं, टेन्शन जातं, तसलंच काहीतरी असेल. पण नीट बघितलं तर ड्रमपाशी बसणं ही आरामाची गोष्टच नाहीये, ते काम आहे, आणि त्या पोराला सावरलं ते त्या कामानेच असं मला वाटतं.

आधी तिथे काय चाललेलं असतं ते बघा. लाकडाच्या चौकटीवर गाय, एल्क (मोठं हरीण) नाहीतर बफेलोचं कातडं ताणून बसवलेलं, सगळे त्याच्याभोवती गोल बसलेले, प्रत्येकाच्या हातात एकच काठी, टोकाला गुंडाळून मऊ केलेली. मुख्य गायक पहिली ओळ एकटाच टाकतो, तीही एकदम वर, आणि ती संपते न संपते तोच बाकीचे ती उचलतात, आपल्याकडे भजनात बुवांनी चाल दिली की टाळकरी उचलतात ना अगदी तसं, आणि मग सगळे मिळून पुढचा भाग गात खाली उतरत येतात. हे एक आवर्तन झालं, त्याला ते पुश-अप म्हणतात, आणि एका गाण्यात साधारण असे चार होतात. मधेच काही ठोके मुद्दाम जोरात पडतात, ते ऑनर बीट्स, मान द्यायचे ठोके, आणि तेवढ्यात रिंगणातल्या नाचणाऱ्या बायका हातातला पिसांचा पंखा वर उचलतात. आता यात एकाने जरी लय सोडली की समोर नाचणाऱ्यांचे पाय चुकतात, गाणं संपलं त्या ठोक्यावर पाय थांबला नाही तर नाचाच्या स्पर्धेत त्यांचे मार्क जातात. म्हणजे तुमच्या हातातल्या काठीवर दुसऱ्या माणसाचं काहीतरी अवलंबून आहे. ज्या पोराला आजवर सगळीकडून तू बिनकामाचा असंच ऐकायला मिळालं, त्याला हे पहिल्यांदा कळतं तेव्हा काय होत असेल विचार करा.

आणि हे फक्त मैदानापुरतं नाही बरं का. कुणी वारलं तर ड्रमला, म्हणजे त्या सगळ्या गटाला, बोलावणं येतं, मुलगी ग्रॅज्युएट झाली तर येतं, सैन्यातून कुणी परत आला तर येतं. तेव्हा आज मूड नाही असं म्हणायची सोय नसते. ड्रमला ते वस्तू मानतच नाहीत, तो जिवंत आहे, बऱ्याच ठिकाणी त्याला आजोबा म्हणतात, त्याच्यापुढे तंबाखू अर्पण करतात, त्याला एकट्याला सोडून जात नाहीत. आणि दारू किंवा नशा करून त्याच्याजवळ यायचं नाही हा नियम तर जवळपास सगळीकडे. आता त्या पोराचा शनिवार-रविवार बघा, ड्रमवर बसायचंय म्हणजे शुक्रवारी प्यायची नाही, एका उन्हाळ्यात एकामागून एक पॉववॉव, व्हॅनमध्ये ड्रम टाकून शेकडो मैल जायचं, सोबत काका, मामा, चुलतभाऊ, आणि गाणी लिहून ठेवलेली नसतात, सगळी कानाने ऐकून पाठ करायची. प्यायला वेळच कुठे आहे, आणि मुख्य म्हणजे प्यायलास तर तोंड दाखवायचंय कुणाला ते ठरलेलं आहे.

हे इतकं खोल का जातं ते कळायला थोडं मागे जायला लागेल. 1883 मध्ये अमेरिकन सरकारने या लोकांचे नाच आणि विधी गुन्हा ठरवणारे नियम काढले, सापडलात की रेशन बंद आणि परत सापडलात की कोठडी. कॅनडानेही त्याच सुमाराला कायदा केला, तो 1951 पर्यंत टिकला. पोरांना घरातून उचलून बोर्डिंग शाळेत न्यायचे, पेनसिल्व्हेनियातली कार्लाइलची शाळा 1879 ची, केस कापायचे, नाव बदलायचे, आपल्या भाषेत बोललं तर शिक्षा. म्हणजे एका पिढीचा गळाच बंद केला, आणि ती पिढी मोठी होऊन आईबाप झाली तेव्हा त्यांच्याकडे पोरांना द्यायला अंगाईसुद्धा उरली नव्हती. आज तिकडच्या समाजात जी व्यसनं आहेत, तरुण पोरांच्या आत्महत्या आहेत, त्याचं मूळ यात आहे हे तिथले जाणते लोक कायम सांगत आलेत आणि मला ते पूर्ण पटतं. तरी गाणी सगळी मेली नाहीत. 4 जुलैला अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन साजरा करतोय म्हणून नाचायची परवानगी मागायची आणि त्याच्याआड आपली गाणी चालू ठेवायची, असं कितीतरी ठिकाणी झालं. दोन महायुद्धांत ही पोरं सरकारसाठी लढून परत आली तेव्हा त्यांच्या स्वागताला जुनी योद्ध्यांची गाणी पुन्हा उघडपणे बाहेर निघाली. आजही प्रत्येक पॉववॉवच्या सुरुवातीला माजी सैनिक झेंडे घेऊन पुढे असतात, तुम्ही बघितलंच असेल. तेव्हा तुम्हाला भेटलेला पोरगा ड्रमवर बसतो तेव्हा पणजोबांना जे गायची बंदी होती तेच तो भर मैदानात, माइकवर, जीव तोडून गात असतो. आपण कशासाठी जगायचं या प्रश्नाला याहून मोठं उत्तर कुठे मिळणार.

तुमच्या मिनेसोटाचा तर या सगळ्यात मोठा वाटा आहे. सांगतात की 1870 च्या दशकात डकोटा जमातीची एक बाई सैनिकांपासून जीव वाचवायला तळ्यात लपून बसली होती आणि तिथे तिला मोठा ड्रम करण्याचा दृष्टांत झाला, मग तो ड्रम डकोटांनी त्यांचे जुने वैरी असलेल्या ओजिब्वे जमातीला दिला आणि दोघांत समेट झाला. घुंगरांसारखे पत्र्याचे कोन शिवलेल्या ड्रेसचा जो जिंगल नाच तुम्ही बघितला असेल तो ओजिब्वे लोकांचा, 1918 च्या फ्लूच्या साथीच्या आसपासचा, आजारी मुलीच्या बापाला स्वप्नात दिसलेला, म्हणून त्याची गाणी आजही बरं करणारी मानतात. पुढे 1950 च्या दशकात सरकारने लोकांना रिझर्व्हेशन, म्हणजे या जमातींसाठी राखून ठेवलेल्या जमिनी, सोडून शहरांत यायला लावलं, मिनियापोलिसमध्ये वेगवेगळ्या जमातींचे लोक एकत्र आले, 1968 मध्ये अमेरिकन इंडियन मूव्हमेंट ही त्यांच्या हक्कांची चळवळ तिथेच सुरू झाली.

आणि शब्दांचं विचारलंत ना, ते इथेच येतं. काही गाण्यांना लकोटा, क्री, ओजिब्वे अशा त्यांच्या भाषांतले शब्द असतात, पण पुष्कळ गाणी हे-या-हो अशा नुसत्या अक्षरांवर चालतात. ती अक्षरंही ठरलेली असतात हं, मनाला येईल ते गायचं नाही. आणि याचा केवढा फायदा झाला बघा, शहरात दहा जमातींची दहा पोरं, कुणाचीच भाषा कुणाला येत नाही, कित्येकांना तर स्वतःचीही येत नाही कारण ती आजीच्या शाळेतच हरवली, तरी पहिल्या दिवशी ड्रमवर बसून गाता येतं. भाषा येत नाही म्हणून तू आमच्यातला नाहीस असं ड्रमवर कुणी म्हणत नाही. पुष्कळ जण मग तिथून पुढे भाषा शिकायला लागतात.

व्यसनमुक्तीच्या लोकांनीही हे उचललंय. लॉस एंजेलिसला युसीएलए विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डॅनियल डिकरसन, ते स्वतः अलास्काच्या इनुपियाक समाजातले, त्यांनी ड्रमवर आधारलेली उपचारपद्धतच बसवली. कॅनडात अल्बर्टामध्ये 1973 पासून पाउंडमेकर्स लॉज नावाचं नेटिव्ह लोकांचं व्यसनमुक्ती केंद्र आहे, त्यांचा स्वतःचा पॉववॉव प्रसिद्ध आहे. पण ड्रम लावला की दारू सुटते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माणूस घसरतो, घसरला की ड्रमपासून लांब राहतो, मग मोठे त्याला परत बोलावतात, आणि तो परत येतो. परत यायला जागा आहे ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

ऐकायचं असेल तर अल्बर्टाचा नॉर्दर्न क्री हा ग्रुप ऐका, ग्रॅमीची नामांकनं त्यांना कितीतरी वेळा मिळालीत. वॉशिंग्टन राज्यातले ब्लॅक लॉज सिंगर्स म्हणजे केनी स्कॅबी रोब आणि त्यांची मुलं, एका घरातला ड्रम, त्यांनी लहान मुलांसाठी केलेली पॉववॉव गाणी तुमच्या पोरांना नक्की आवडतील. आणि तुमच्याच शहरात वाढलेला जो रेनी, रेड लेकच्या ओजिब्वे समाजातला, लहानपणापासून टेपरेकॉर्डर घेऊन पॉववॉवमध्ये ड्रम रेकॉर्ड करत फिरायचा, आता तीच साठवण वापरून तो अगदी आजच्या काळातलं संगीत करतो.

प्रश्न : व्हिडिओमध्ये सगळे पुरुषच ड्रमवर दिसतात. बायकांना परवानगी नाही का?
– पुण्याहून एक वाचक

उत्तर : बहुतेक जमातींत मोठ्या ड्रमवर पुरुष बसतात आणि बायका मागे उभ्या राहून एक सप्तक वरून गातात. पुश-अपच्या शेवटी पुरुषांचा आवाज खाली गेला की तो वरचा आवाज हवेत राहतो, कान देऊन ऐका, तो काढला तर गाणं बोडकं वाटेल. पण आता बायकांचे स्वतःचे ड्रमही आहेत, मॅनकिलर्स हा त्यातला नावाजलेला. त्यावर तिथे वाद आहेत, काही ठिकाणी त्यांचं मनापासून स्वागत होतं, काही ठिकाणी जाणती माणसं नको म्हणतात. माझ्या मनाचं विचाराल तर बायकांनी बसावं असंच वाटतं, आणि तिथल्या कितीतरी मुली तेच म्हणतायत, पण हा निर्णय त्यांच्या घरातला आहे, तो त्यांनीच करायचा.

प्रश्न : आमचं अमेरिकेत ढोल-ताशा पथक आहे. या गणपतीत पॉववॉवचं एखादं गाणं बसवून फ्युजन करावं असा विचार आहे. यूट्यूबवरून गाणं उचललं तर चालेल का?
– एका पथकाचे वादक

उत्तर : नाही दादा, उचलू नका. त्यातली काही गाणी एखाद्या कुटुंबाची असतात, काही एखाद्या माणसाच्या मानासाठी केलेली, काही विधींची, आणि कुठलं कसलं ते बाहेरून कळत नाही. तिथे त्यांच्यातसुद्धा दुसऱ्या ड्रमचं गाणं गायचं तर आधी विचारतात. कोणत्या गाण्याला रेकॉर्डिंग करायचं नाही हे निवेदक माइकवरून सांगतो, तेव्हा फोन खिशात ठेवायचा, आणि कुणाचा फोटो हवा असेल तर त्या माणसाला विचारायचं.

पण इच्छा चांगली आहे तुमची, ती सोडू नका. तुमच्या भागातल्या पॉववॉवला आधी नुसतं बघायला जा. इंटरट्रायबल म्हणून पुकारलं की सगळ्यांना रिंगणात बोलावतात, तेव्हा उतरा. मग निवेदकाला विचारून एखाद्या ड्रमच्या मुख्य माणसाला भेटा, आपण काय करतो ते सांगा आणि त्यांना गणपतीला पाहुणे म्हणून बोलवा. मानधन, प्रवास, जेवण सगळं आपल्याकडून. त्यांना त्यांची गाणी त्यांच्या पद्धतीने गाऊ द्या, तुम्ही तुमचं वाजवा. एकत्र वाजवायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या आणि नाही म्हणाले तर आग्रह करू नका. त्यांच्या कार्यक्रमांची गर्दी उन्हाळ्यात असते, तारखा लवकर भरतात, तेव्हा पुढच्या गणपतीसाठी आत्ताच विचारून ठेवा.