तीन फायली आणि दोन वर्षं

प्रश्न : सर, मी सेकंड इयर कॉम्प्युटरला आहे. मित्र म्हणतो लिनक्स म्हणजे युनिक्सच, फक्त फुकट केलेलं. असं असेल तर बीएसडी काय भानगड आहे, आणि ते जुनं असून आमच्या लॅबमध्ये सगळीकडे लिनक्सच का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मित्राचं अर्धंच बरोबर आहे रे. लिनक्सचं सगळं वळण युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं, पण त्यात युनिक्सचा कोड नाही. खरा युनिक्सचा वंशज बीएसडी. युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये सुरू झालं, आणि मालक एटी अँड टीला १९५६ च्या एका सरकारी तडजोडीमुळे सॉफ्टवेअरचा धंदा करता येत नव्हता, म्हणून सोर्स कोडसकट टेप युनिव्हर्सिट्यांना अगदी कमी पैशात मिळायच्या. बर्कले युनिव्हर्सिटीवाल्यांनी त्यात भर घालत घालत बीएसडी, म्हणजे बर्कले सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन, उभं केलं, १९८३ च्या ४.२ आवृत्तीत तर इंटरनेट ज्यावर चालतं ते टीसीपी-आयपी पण आलं.

पुढे त्यांनी एटी अँड टीचा कोड एकेक फाइल करून काढला, नवा लिहिला आणि १९९१ ला जवळजवळ पूर्ण सिस्टिम मोकळी केली. आणि १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने कोर्टात केस टाकली! १९९४ ला मिटली तेव्हा सुमारे १८,००० फायलींपैकी काढाव्या लागल्या फक्त ३. मला अजून हळहळ वाटते, कारण नेमक्या त्याच दोन वर्षांत बीएसडी घ्यावं की नको असं लोकांना झालं होतं, आणि तेवढ्यात लिनक्स पुढे गेलं.

इकडे रिचर्ड स्टॉलमनच्या ग्नू प्रोजेक्टकडे, म्हणजे युनिक्ससारखी पण मोकळी सिस्टिम करायचा, १९८३ ला जाहीर केलेला प्रकल्प, कंपायलर, शेल, एडिटर सगळं तयार होतं, अडलं होतं ते कर्नलपाशी, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या गाभ्यापाशी. आणि हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा पोरगा घरच्या ३८६ चिपच्या पीसीवर नेमका कर्नलच लिहीत बसला होता. १९९२ मध्ये त्याने तो जीपीएल या ग्नूच्या मोकळ्या लायसन्सखाली आणला आणि दोन्हीची गाठ पक्की झाली, १९९३ ला स्लॅकवेअर, डेबियन ही लिनक्सची तयार डिस्ट्रिब्युशन्स आली, मार्च १९९४ ला कर्नल १.० आला. लिनस स्वतः नंतर म्हणालाय की ३८६बीएसडी, म्हणजे ३८६ पीसीवर चालणारं बीएसडी, तेव्हा हाताशी असतं तर लिनक्स बहुतेक झालंच नसतं.

लॅबमध्ये डेबियन असेल तर टर्मिनलवर एलएस, स्पेस, डॅश डॅश व्हर्जन टाकून बघ, खाली लिहिणाऱ्यांत स्टॉलमनचं नाव दिसेल, कारण ती कमांड ग्नूची आहे.