वाचक विचारतात: शिबिराआधीची तयारी

प्रश्न: मुलगी सतरा वर्षांची आहे. मे महिन्यात रत्नागिरीला शासन आणि नेतृत्व शिबिराला जातेय. तिथे अभिरूप (खऱ्यासारखी, सरावाची) ग्रामसभा आहे. तयारी काय करून घेऊ?
– एक पालक, गुहागर

उत्तर: भाषण पाठ करून घेऊ नका. मुलं तिथेच फसतात: बोलतात छान, पण ठराव मांडता येत नाही. शक्य असेल तर सरपंचांना विचारून 1 मेच्या ग्रामसभेत तिला मागे बसू द्या. मतदार नसल्याने मत देता येणार नाही, पण गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) कशी मोजतात ते दिसेल: 15 टक्के मतदार किंवा 100, यातली कमी संख्या. ती न झाल्यास सभा तहकूब होते.

मग घरी एक ठराव लिहायला लावा. ‘पाण्याची सोय करावी’ एवढंच लिहिलं तर तो कागदावरच राहतो. कोणती वाडी, किती घरं, विहीर कधी आटली, टँकर कधीपासून हवा, हे सगळं यायला हवं. खाली सूचक (ठराव मांडणारा) आणि अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) यांचं नाव हवंच; घाईत नेमकं हेच राहतं.

सुती कपडे द्या, उकाडा फार असतो.