कोर्ट मार्शल: न्यायाला बसतं कोण?

प्रश्न : पुतण्या लष्करात जवान आहे. त्याचं 'समरी कोर्ट मार्शल' होणार म्हणतात. म्हणजे एकटे सीओसाहेबच न्यायाधीश? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : हो, समरीत, म्हणजे संक्षिप्त कोर्ट मार्शलमध्ये, कमांडिंग ऑफिसर (सीओ) एकटेच न्यायालय असतात. दोन अधिकारी किंवा जेसीओ (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकारी) पूर्ण वेळ हजर राहतात, पण त्यांना शपथ नसते आणि मतही नसतं. साहेब लेफ्टनंट कर्नल किंवा वरचे असतील तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतात, खालचे असतील तर तीन महिने. बडतर्फीही होऊ शकते, म्हणून 'समरी' हे नाव ऐकून गाफील राहू नका.

कोर्ट मार्शलचे आणखी तीन प्रकार आहेत. डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये किमान तीन अधिकारी आणि कैद दोन वर्षांपर्यंत. जनरलमध्ये किमान पाच, प्रत्येकाला अधिकारी होऊन किमान तीन वर्षं झालेली, त्यातले किमान चार जण कॅप्टन किंवा वरचे, शिवाय कायदा सांगायला जज अ‍ॅडव्होकेट. फाशी द्यायची तर दोन तृतीयांश मतं लागतात. समरी जनरल मुख्यतः युद्धसेवेवर भरतं, त्यात किमान तीन अधिकारी.

पुतण्याला आजच फोन करा. आरोप कळवल्यापासून खटला उभा राहीपर्यंत शांतताकाळात किमान ९६ तास मिळायलाच हवेत. इथेच घाई होते, आणि त्या कारणावरून न्यायालयांनी खटले रद्दही केले आहेत. 'गुन्हा कबूल' लिहिलेल्या कागदावर न वाचता सही नको. समरीत बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झाली, तर निकालाविरुद्ध सशस्त्र दल न्यायाधिकरणात ९० दिवसांत अपील करता येतं. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे.