ऑप्शनल प्रॉपर्टी : पर्यायी, वैकल्पिक की ऐच्छिक?

प्रश्न असा आलाय की ऑब्जेक्टिव्ह-सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना प्रोटोकॉलमधल्या (क्लासमध्ये कोणत्या मेथड आणि प्रॉपर्ट्या असाव्यात त्याची यादी) ऑप्शनल, म्हणजे दिली नाही तरी चालणाऱ्या, प्रॉपर्टीला मराठीत काय म्हणायचं, पर्यायी चालेल का?

पर्यायी नको. पर्यायी रस्ता म्हणजे एकाऐवजी दुसरा, इथे ऐवजी काहीच नाहीये. वैकल्पिक जवळचा वाटतो पण व्याकरणात ‘विकल्पाने’ म्हटलं की दोन रूपं असतात आणि दोन्ही चालतात, पंडित लिहा नाहीतर पण्डित लिहा, पण काहीतरी लिहायचं तर असतंच ना. ऑप्शनलमध्ये मुळात दिलंच नाही तरी क्लास बिनचूक कंपाइल होतो. टेबल व्ह्यू म्हणजे पडद्यावरची यादी, तिला माहिती पुरवणाऱ्या डेटा सोर्समध्ये ओळी किती ते सांगावंच लागतं, सेक्शन किती ते नाही सांगितलं तर 1 धरला जातो. ही क्लास लिहिणाऱ्याची इच्छा, म्हणून ऐच्छिक. शाळेतल्या ऐच्छिक विषयामुळे हा शब्द आपल्या कानावरचाही आहे.

आता खरी गंमत रनटाइमच्या मेटाडेटात, म्हणजे प्रोग्रॅम चालताना भाषा स्वतःजवळ ठेवते त्या नोंदींत आहे. प्रोटोकॉलच्या नोंदीत मेथडच्या 4 याद्या असतात, इन्स्टन्सच्या (क्लासपासून बनलेल्या ऑब्जेक्टच्या) आणि क्लासच्या, सक्तीच्या वेगळ्या आणि ऐच्छिक वेगळ्या, पण प्रॉपर्टीला ऐच्छिक अशी यादीच नाही, त्यामुळे प्रोटोकॉलकडे ऐच्छिक प्रॉपर्ट्या मागितल्या तर हात हलवत परत यावं लागतं. मग काय करायचं, तर प्रॉपर्टीचा गेटर (तिची व्हॅल्यू वाचून देणारी मेथड) ऐच्छिक मेथडच्या यादीत सापडतो, आणि समोरच्या ऑब्जेक्टला विचारायचं की बाबा या सिलेक्टरला, म्हणजे मेथडच्या नावाला, उत्तर देतोस का. मला म्हणून ‘ऐच्छिक’ आणि ‘सक्तीची’ ही जोडीच आवडते, याद्यांचा फरक लगेच कळतो.

एक मात्र सांभाळा, स्विफ्ट या ॲपलच्या दुसऱ्या भाषेतला ऑप्शनल टाइप म्हणजे ऐच्छिक नव्हे. तिथे कोणाच्या इच्छेचा प्रश्न नाही, व्हॅल्यू असेल किंवा नसेल एवढंच, त्याला मी सरळ ऑप्शनलच म्हणते. आणि हे दोन शब्द वेगळे ठेवायलाच हवेत, कारण स्विफ्टमध्ये ऐच्छिक प्रॉपर्टीचा टाइप साधा स्ट्रिंग (मजकूर) असला तरी वाचताना हातात ऑप्शनल स्ट्रिंग येते, आणि मुळातच ऑप्शनल असली तर ऑप्शनलच्या आत ऑप्शनल. हे वाक्य एकाच शब्दाने मराठीत बोलून बघा, पोरं पहिल्याच तासाला गोंधळतील.