आरिमाने नदीची उद्याची पातळी सांगता येते का, की एलएसटीएमच लागतं?

तुम्ही लिहिलंय की सांगलीच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या रोजच्या पातळीवर आरिमा (मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा सांगणारं सांख्यिकी मॉडेल) चालवलं, नॅश-सटक्लिफ (अंदाज किती जुळला याचा स्कोअर, 1 म्हणजे तंतोतंत) 0.97 आला, आता एलएसटीएमकडे (न्यूरल नेटवर्कचा एक प्रकार) वळू का. आधी एक करा, मॉडेल बाजूला ठेवा आणि "उद्याची पातळी म्हणजे आजचीच पातळी" एवढंच धरून तोच स्कोअर काढा. 0.97 च्या जवळपासच येईल बघा, कारण हा स्कोअर तुमची तुलना वर्षाच्या सरासरीशी करतो आणि नदी वर्षातले सात-आठ महिने फारशी हलतच नाही. मग ग्राफ झूम करून फक्त पुराचे दिवस बघा. अंदाजाची रेघ खऱ्या रेघेच्या एक दिवस मागून चाललेली असते, पाणी चढताना कमी सांगते आणि उतरताना जास्त. माझ्या पहिल्या मॉडेलचं अगदी हेच झालं होतं, आणि माणसांना घरातलं सामान, जनावरं हलवायची असतात ती नेमकी चढत्या पाण्यातच.

यावर उपाय एलएसटीएम नाही, माहिती वरून आणायची. सांगलीला उद्या येणारं पाणी आज कराड, बहे, ताकारी, भिलवडी इथून पास होत असतं, म्हणून त्या पुलांच्या पातळ्या आणि कोयना धरणातून सोडलेले क्युसेक इनपुट म्हणून द्या, म्हणजे आरिमाचं आरिमॅक्स होतं. कोयनेचे सहा वक्री दरवाजे कधी उचलायचे हा माणसांचा निर्णय आहे, तो सांगलीच्या कालच्या आकड्यांत कुठून सापडणार? आणि शक्य असेल तर पातळीऐवजी पातळीतला फरक प्रेडिक्ट करा, चढत्या आणि उतरत्या पाण्याला वेगळे कोइफिशंट (गुणक) ठेवा.

खालच्या बाजूला पण लक्ष द्या, हे बरेच जण सोडून देतात. पुलाच्या खाली हरिपूरला वारणा मिळते, पुढे नरसोबावाडीला पंचगंगा, त्या भरल्या की कृष्णेचं पाणी मागे फुगतं आणि वरून तेवढंच पाणी येत असलं तरी पातळी वेगळी दिसते. म्हणून अंकली पुलाची पातळीपण घ्या.

रँडम फॉरेस्ट (अनेक डिसिजन ट्रींची सरासरी घेणारं मॉडेल) वापरणार असाल तर सांभाळून, थेट पातळी प्रेडिक्ट केली तर ते ट्रेनिंगमधल्या कमाल आकड्याच्या वर जातच नाही. 2005 पर्यंतचाच डेटा शिकवलात तर 2019 चे 57 फूट ते कधीच सांगणार नाही.

टेस्टिंगला दिवस रँडम उचलू नका, 2019 आणि 2021 चे पूर अख्खेच्या अख्खे बाजूला ठेवा. रोजच्याऐवजी तासाचा डेटा मिळाला तर उत्तम. मग एवढंच मोजा, 40 फुटांची इशारा पातळी ओलांडल्यावर 45 ची धोका पातळी किती तास आधी सांगता आली, आणि हाच आकडा कराड-बहेचं इनपुट काढून टाकल्यावर किती येतो.